शेत, अन्न आणि आरोग्य : जर्मनीतील ‘हेल्महोल्ट्झ म्युनिक’ संशोधन केंद्राची ओळख

पिकावर फवारलेले औषध पानात शिरल्यावर त्याचे पुढे काय होते? पावसाच्या पाण्याबरोबर वाहून गेलेली माती सोबत काय घेऊन जाते? गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांवर चाऱ्याच्या आणि शेणाच्या धुळीचा काय परिणाम होतो? हे प्रश्न कृषी खात्याचे की आरोग्य खात्याचे, हे ठरवणे अवघड आहे. बहुतेक देशांत शेतीचे संशोधन एका ठिकाणी आणि आरोग्याचे दुसऱ्या ठिकाणी चालते. त्यामुळे असे मधले प्रश्न मागे पडतात.

जर्मनीत म्युनिक शहराच्या उत्तरेला नॉयहरबर्ग येथे एक सरकारी खर्चाने चालणारे संशोधन केंद्र आहे. माती, पीक, हवा, अन्न आणि माणसाचे शरीर यांचा एकत्रित अभ्यास तेथे अनेक दशके झाला. या केंद्राचे नाव ‘हेल्महोल्ट्झ म्युनिक’, म्हणजेच पर्यावरणीय आरोग्याचे जर्मन संशोधन केंद्र. या लेखात केंद्राची माहिती, त्याचे शेतीशी संबंधित महत्त्वाचे काम आणि त्यातून शेतकऱ्याला घेता येण्यासारखे मुद्दे दिले आहेत.

केंद्र कोणाचे, खर्च कोण करते?

जर्मनीत ‘हेल्महोल्ट्झ संघटना’ नावाची मोठ्या सरकारी संशोधन केंद्रांची संघटना आहे. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. संघटनेत १८ केंद्रे असून ऊर्जा, अवकाश, हवामान, कर्करोग असे विषय त्यांनी वाटून घेतले आहेत. म्युनिकच्या केंद्राकडे आरोग्य आणि पर्यावरण हा विषय आहे.

केंद्राच्या मूळ निधीपैकी सुमारे ९० टक्के रक्कम जर्मनीचे केंद्र सरकार देते आणि १० टक्के बव्हेरिया राज्य देते. याशिवाय स्पर्धेतून मिळणारे प्रकल्प-अनुदानही असते. पैसा जनतेचा असल्यामुळे वीस-तीस वर्षे चालणारे प्रयोग हाती घेता येतात. मातीची धूप, औषधांचे अवशेष किंवा मुलांमधील दमा अशा विषयांवर एक-दोन हंगामांत उत्तर मिळत नाही. तसेच त्यातून विकण्याजोगी वस्तूही लगेच तयार होत नाही. म्हणून अशा कामाला सार्वजनिक निधी लागतो.

सुरुवात किरणोत्सर्गापासून

केंद्राची सुरुवात १९६० मध्ये किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे प्रशिक्षण आणि चाचण्या करणारे ठिकाण म्हणून झाली. १९६४ मध्ये ‘किरणोत्सर्ग संशोधन संस्था’ स्थापन झाली. तिच्या जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘जीएसएफ’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तो अण्वस्त्र चाचण्यांचा काळ होता. चाचण्यांतून उडालेली किरणोत्सर्गी धूळ गवतावर पडते, गाय ते गवत खाते आणि दूध मुलाच्या पोटात जाते, ही साखळी तेव्हा शास्त्रज्ञांच्या लक्षात आली होती.

किरणोत्सर्गी पदार्थ मोजण्याचे आणि त्यांचा माग काढण्याचे जे तंत्र येथे जमले, तेच पुढे इतर प्रदूषकांच्या अभ्यासाला उपयोगी पडले. क्लोरीनयुक्त कीटकनाशके मातीत किती टिकतात, त्यांचे रूपांतर कशात होते, यावर येथे काम सुरू झाले. विषय असे वाढत गेल्यावर १९९० मध्ये नावात ‘पर्यावरण आणि आरोग्य’ हे शब्द आले. २००८ मध्ये ‘हेल्महोल्ट्झ’ हे नाव जोडले गेले. आज केंद्राचा मोठा भर मधुमेह, लठ्ठपणा, फुप्फुसांचे आजार आणि ॲलर्जी यांवर आहे.

चेर्नोबिल : पिकाची अवस्था किती महत्त्वाची?

२६ एप्रिल १९८६ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील चेर्नोबिल अणुभट्टीचा अपघात झाला. काही दिवसांतच किरणोत्सर्गी ढग दक्षिण जर्मनीवर आले. बव्हेरियात ज्या भागांत नेमका त्या वेळी पाऊस झाला, तेथे किरणोत्सर्गी पदार्थ जास्त प्रमाणात जमिनीवर उतरले. शेतकऱ्यांपुढे रोजचे प्रश्न उभे राहिले. गायी चरायला सोडाव्यात का? दूध विकावे का? भाजी काढावी का?

नॉयहरबर्गच्या शास्त्रज्ञांनी अशा प्रश्नांसाठी ‘इकोसिस-८७’ नावाचे गणिती प्रारूप तयार केले. हवेतून पडलेला पदार्थ पान, माती, मूळ, चारा, दूध, मांस या वाटेने माणसापर्यंत किती पोहोचेल, याचा अंदाज त्यातून काढता येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातील पुढील मुद्दे समजून घेण्यासारखे आहेत.

- पडण्याची वेळ : पदार्थ तेवढाच पडला तरी पीक कोणत्या अवस्थेत आहे त्यावर परिणाम अवलंबून असतो. जमीन मोकळी असेल तर तो मातीत जातो. पीक पूर्ण पानावर किंवा काढणीला आले असेल तर तो थेट अन्नात येतो.
- पानावरची वाट आणि मुळाची वाट : पहिल्या काही आठवड्यांत धोका मुख्यतः पानांवर बसलेल्या पदार्थाचा असतो. पुढील वर्षांत मुळांवाटे होणारे शोषण महत्त्वाचे ठरते. ते सहसा खूपच कमी असते.
- चाऱ्याचा साठा : किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे होते. त्यामुळे काही आठवडे हिरव्या गवताऐवजी आधी साठवलेला सुका चारा दिला, तर दुधातील आयोडीन बरेच कमी राखता येते.
- पालाशचा संबंध : सीझियम आणि पालाश यांचे रासायनिक गुणधर्म सारखे आहेत. जमिनीत पालाशची कमतरता असेल तर मुळे सीझियम जास्त उचलतात. अशा जमिनीत पालाशयुक्त खत दिल्यास हे शोषण कमी होते.

सीझियम-१३७ निम्मे व्हायला सुमारे ३० वर्षे लागतात. तरीही बव्हेरियातील शेतजमिनीतील धान्यात ते लवकरच अत्यल्प झाले, कारण चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात आणि नांगरटीने ते खोलवर मिसळते. जंगलात मात्र उलट झाले. तेथे वरचा थर पालापाचोळ्याचा असतो, चिकणमाती कमी असते आणि नांगरट होत नाही. म्हणून तेथील काही रानअळंब्यांत आणि ती उकरून खाणाऱ्या रानडुकरांच्या मांसात अपघातानंतर अनेक दशकांनीही सीझियम आढळते. जर्मनीत प्रति किलो ६०० बेकरेलपेक्षा जास्त सीझियम असलेले मांस विकता येत नाही. एकाच पावसात पडलेला पदार्थ दोन प्रकारच्या मातीत इतका वेगळा वागतो, हे यातून दिसते.

आस्से खाण : पुरलेला कचरा

केंद्राच्या इतिहासात एक अवघड प्रकरणही आहे. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातील ‘आस्से’ ही जुनी मिठाची खाण सरकारने १९६५ मध्ये घेतली. किरणोत्सर्गी कचरा मिठाच्या थरात कायमचा ठेवता येईल का, हे पाहण्यासाठी ती जीएसएफकडे सोपवली गेली. १९६७ ते १९७८ या काळात तेथे कमी आणि मध्यम किरणोत्सर्गी कचऱ्याची सुमारे १ लाख २६ हजार पिंपे ठेवली गेली.

मीठ कोरडे राहील, हा मूळ अंदाज होता. पण खाणीत बाहेरून खारे पाणी झिरपत असल्याचे १९८८ पासून आढळत गेले. खाणीच्या देखरेखीवर जर्मनीत मोठी टीका झाली आणि १ जानेवारी २००९ पासून जबाबदारी किरणोत्सर्ग संरक्षणाच्या सरकारी विभागाकडे देण्यात आली. हा कचरा पुन्हा बाहेर काढावा, असा कायदा २०१३ मध्ये झाला. भरायला अकरा वर्षे लागलेली खाण रिकामी करणे हे कित्येक दशकांचे आणि प्रचंड खर्चाचे काम होऊन बसले आहे.

शेतीत एवढा धोकादायक कचरा नसतो. पण मुदत संपलेली कीटकनाशके खड्ड्यात पुरणे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकणे यामागे तोच समज असतो : पुरले की संपले. जमिनीखाली पाणी फिरत असते. एकदा त्यात मिसळलेले औषध परत काढता येत नाही.

शायर्न : एका मठाच्या शेतावरील मोठा प्रयोग

शेतीच्या दृष्टीने या केंद्राचे सर्वांत महत्त्वाचे काम शायर्न या गावी झाले. म्युनिकच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर, चढ-उताराच्या भागात बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठाची सुमारे १५० हेक्टर शेती आहे. ती भाड्याने घेऊन जीएसएफ आणि म्युनिकचे तंत्रविद्यापीठ यांनी १९९० मध्ये एकत्रित प्रकल्प सुरू केला. उत्पादन घेत असतानाच माती, पाणी आणि जैवविविधता टिकवता येते का, हा त्याचा प्रश्न होता.

पहिली दोन वर्षे शास्त्रज्ञांनी कोणताही बदल केला नाही. सर्व शेतांत सारखीच मशागत केली आणि संपूर्ण शेतावर ५० मीटर बाय ५० मीटर अंतराची जाळी आखून प्रत्येक बिंदूवर मातीची तपासणी केली. बदल केल्यानंतर दिसणारा फरक पद्धतीचा आहे की मुळातच मातीचा आहे, हे ओळखण्यासाठी ही तयारी होती. एकाच शेतात काही पावलांवर माती किती बदलते, हे त्यातून दिसले. मातीपरीक्षणासाठी नमुना घेताना एकाच जागची माती न घेता शेतात नागमोडी फिरून अनेक ठिकाणची माती एकत्र करावी असे सांगतात, ते याचसाठी.

त्यानंतर शेताचे दोन भाग केले.

१. सेंद्रिय भाग : रासायनिक खते आणि तणनाशके बंद. सात वर्षांची फेरपालट, त्यात द्विदल चारापिके आणि जनावरांचे शेणखत.

२. एकात्मिक भाग : गहू–बटाटा–गहू–मका अशी चार वर्षांची फेरपालट. खते आणि औषधे गरजेपुरती. मशागत कमीत कमी.

शेतांच्या सीमाही उताराचा विचार करून नव्याने आखल्या. काही पट्टे गवत आणि झुडपांसाठी सोडले.

धूप कशी रोखली?

बटाटा आणि मका ही पिके उताराच्या जमिनीत धुपीला सर्वाधिक कारणीभूत ठरतात. दोन्ही पिकांत ओळींतील अंतर जास्त असते आणि सुरुवातीचे कित्येक आठवडे जमीन उघडी राहते. शायर्नमध्ये पुढील उपाय केले गेले.

- गव्हाच्या काढणीनंतर जमीन मोकळी न ठेवता मोहरी पेरली. हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीने मोहरी आपोआप मरते आणि तिचे आच्छादन जमिनीवर राहते. पुढचे पीक त्या आच्छादनातच घेतले.
- बटाट्यासाठी वरंबे आधीच्या शरद ऋतूतच पाडून त्यांवर मोहरी घेतली. त्यामुळे वसंत ऋतूतील लागवडीच्या वेळी वरंबे उघडे नव्हते.
- ट्रॅक्टरला रुंद आणि कमी हवेच्या दाबाचे टायर लावले. त्यामुळे चाकोरीत माती कमी दाबली गेली.
- जेथे दोन उतारांचे पाणी एकत्र येऊन वाहते, त्या सखल पट्ट्यात पीक न घेता कायमचे गवत राखले.

शेवटच्या उपायाला गवती जलमार्ग म्हणतात. शायर्नमध्ये असे दोन जलमार्ग कित्येक वर्षे मोजणी करून तपासले गेले. पहिला रुंद आणि सपाट तळाचा होता. त्याने वाहून जाणारे पाणी ९० टक्के आणि गाळ ९७ टक्के कमी केला. दुसरा अरुंद होता. त्याने पाणी फक्त १० टक्के कमी केले, तरी गाळ ७७ टक्के कमी झाला. म्हणजे गवताने माती दोन्ही ठिकाणी अडवली, पण पाणी मुरवण्यासाठी रुंदी आणि सपाट तळ लागतो. पाणी पसरले, मंदावले, तरच ते मुरते.

दाबलेली माती आणि नत्राचे नुकसान

शायर्नच्या बटाट्याच्या शेतात जमिनीतून बाहेर पडणारा नायट्रस ऑक्साइड वायू मोजण्यात आला. हा वायू हवामान बदलाला कारणीभूत आहे. शिवाय त्याच्या रूपाने शेतकऱ्याने विकत घेतलेले नत्र हवेत जाते. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेल्या दोन वरंब्यांमधील जागेतून हा वायू सर्वाधिक बाहेर पडतो, असे आढळले. माती दाबली गेली की हवेची पोकळी कमी होते, पाऊस पडला की तेथे पाणी साचते आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू नत्राचे वायूत रूपांतर करतात. म्हणून वाफसा नसताना ट्रॅक्टर शेतात घातला, तर माती आणि खत या दोन्हींचे नुकसान होते.

सेंद्रिय भागात काय दिसले?

सेंद्रिय भागात गव्हाचे उत्पादन एकात्मिक भागापेक्षा कमी आले. जमिनीतील तणांच्या बियांचा साठाही पहिल्या काही वर्षांत कित्येक पटींनी वाढला. जैवविविधतेच्या दृष्टीने ही वाढ चांगली, पण पिकाच्या दृष्टीने डोकेदुखीची. सेंद्रिय शेतीकडे वळताना पहिली तीन-चार वर्षे तणनियंत्रणाचे वेगळे नियोजन आणि मजुरीचा हिशेब आधीच करावा लागतो.

वनस्पतीचे ‘हिरवे यकृत’

माणसाच्या शरीरात शिरलेले विष यकृतात बदलले जाते आणि लघवीवाटे बाहेर टाकले जाते. वनस्पतीचे काय? या केंद्रातील शास्त्रज्ञ हाइनरिश झांडरमान यांनी यासाठी ‘हिरवे यकृत’ ही कल्पना मांडली. वनस्पतीही औषधाचा सामना यकृतासारख्याच क्रमाने करते.

१. पहिल्या टप्प्यात औषधाच्या रेणूत बदल होतो.

२. दुसऱ्या टप्प्यात त्याला साखर किंवा ग्लुटाथिओन नावाचा पदार्थ जोडला जातो. त्यामुळे त्याची विषारी क्रिया सहसा कमी होते.

३. तिसऱ्या टप्प्यात तो पेशीतील पोकळीत साठवला जातो किंवा पेशीभित्तिकेत बांधला जातो.

यकृत आणि पान यांतील फरक तिसऱ्या टप्प्यात आहे. वनस्पतीला लघवी नाही. तिला पदार्थ बाहेर टाकता येत नाही, ती तो स्वतःतच साठवते. त्यामुळे पानात किंवा फळात शिरलेले आंतरप्रवाही औषध धुतल्याने निघत नाही. ते कमी व्हायला वेळच द्यावा लागतो.

लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवावेत हे लिहिलेले असते. तो काळ मोडून काढलेला भाजीपाला कितीही धुतला तरी सुरक्षित होतोच असे नाही. मका ॲट्राझीन हे तणनाशक सहन करतो आणि अनेक तणे मरतात, हाही याच यंत्रणेचा परिणाम आहे. मका ॲट्राझीनला ग्लुटाथिओन वेगाने जोडतो. त्या तणांना ते तेवढ्या वेगाने जमत नाही.

मुळांभोवतीचे जिवाणू

जिवाणू खत म्हणून ॲझोस्पिरिलमचे नाव तुम्हाला परिचयाचे असेल. हा जिवाणू मुळावर नेमका कोठे राहतो, हे नॉयहरबर्ग येथील गटाने चमकणाऱ्या रंगखुणा वापरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एकाच जातीच्या जिवाणूचे दोन वाण वेगळे वागतात, असे गव्हाच्या मुळांवर दिसले. एक वाण मुळाच्या पृष्ठभागावर राहिला, तर दुसरा मुळाच्या आतही शिरला. म्हणून जिवाणू खत घेताना पाकिटावर फक्त ‘ॲझोस्पिरिलम’ लिहिले आहे एवढे पाहणे पुरेसे नाही. वाण, जिवाणूंची संख्या आणि वापरण्याची अंतिम तारीखही पाहावी.

टोमॅटोवरील प्रयोगात आणखी एक गोष्ट समजली. काही जिवाणू एकमेकांशी संपर्कासाठी जे रासायनिक संकेत सोडतात, ते टोमॅटोच्या झाडालाही कळतात. मुळांशी असे जिवाणू असताना पानांवरील अल्टरनेरिया बुरशीला झाडाने जास्त प्रतिकार केला.

ओझोन : रोगासारखे दिसणारे प्रदूषण

वाहने आणि कारखाने यांच्या धुरातील वायूंवर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो पानांच्या रंध्रांतून आत शिरतो. नॉयहरबर्गमध्ये सूर्यप्रकाशाची नक्कल करणारे मोठे बंदिस्त कक्ष आहेत. त्यांत ओझोनचे प्रमाण हवे तसे ठेवून वनस्पतींवरील परिणाम तपासले गेले.

ओझोन लागल्यावर वनस्पती रोगजंतूचा हल्ला झाल्यासारखीच प्रतिक्रिया देते, असे त्यात आढळले. प्रतिकाराची तीच जनुके जागी होतात आणि पानावर ठिपकेही तसेच पडतात. त्यामुळे ओझोनचे डाग आणि बुरशीचे डाग यांत गल्लत होते. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात बारीक तपकिरी किंवा पांढरट ठिपके सर्व शेतात सारखे दिसत असतील आणि बुरशीची वाढ दिसत नसेल, तर लगेच बुरशीनाशक फवारू नये. आधी तज्ज्ञाकडून निदान करून घ्यावे.

गव्हाचा जनुकसंच

गव्हाचा जनुकसंच माणसाच्या जनुकसंचाच्या सुमारे पाचपट मोठा आहे आणि त्यात एकसारखे दिसणारे भाग फार असल्याने तो वाचणे कठीण होते. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने ‘चायनीज स्प्रिंग’ या गव्हाच्या वाणाचा संदर्भ जनुकसंच प्रसिद्ध केला. त्याच्या २१ गुणसूत्रांवर १,०७,८९१ जनुकांची जागा निश्चित झाली. जनुके ओळखण्याच्या कामात म्युनिक केंद्रातील क्लाउस मायर यांच्या गटाचा मोठा वाटा होता.

या कामाशी भारताचाही थेट संबंध आहे. आंतरराष्ट्रीय गटात गुणसूत्रे वाटून घेतली होती, त्यांपैकी ‘२-ए’ हे गुणसूत्र भारतीय संस्थांकडे होते. त्यात लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ आणि दिल्लीतील संस्था सहभागी होत्या. तांबेरा प्रतिकारक किंवा उष्णता सहन करणारा वाण शोधताना हवे असलेले जनुक रोपात आले की नाही, हे तपासणे या माहितीमुळे सोपे होते.

गोठा आणि मुलांमधील दमा

माणसाच्या आरोग्यावरील अभ्यासही केंद्र वर्षानुवर्षे करत आले आहे. ऑग्सबुर्ग शहर आणि परिसरातील हजारो रहिवाशांची तपासणी १९८४ पासून होत आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्यांच्या माहितीतून असे दिसले की, वाहतुकीत वेळ घालवल्यानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका वाढतो.

शेतकरी कुटुंबांसाठी दुसरे एक काम अधिक जवळचे आहे. एरिका फॉन म्युटियस या बालरोगतज्ज्ञ केंद्रातील दमा आणि ॲलर्जी प्रतिबंधाच्या संशोधनाचे नेतृत्व करत आल्या आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागातील मुलांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह केला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वयाच्या पहिल्याच वर्षी गोठ्याशी संपर्क आलेल्या आणि शेतावरचे दूध मिळालेल्या मुलांत दम्याचे प्रमाण १ टक्का होते. ज्यांचा हा संपर्क एक ते पाच वर्षे वयात सुरू झाला त्यांच्यात ते ११ टक्के होते.

२०१६ मध्ये अमेरिकेतील अमिश आणि हटेराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यातही फॉन म्युटियस सहभागी होत्या. दोन्ही समाजांचे मूळ मध्य युरोपातील आहे आणि आहार व राहणीमान बरेचसे सारखे आहे. अमिश घरांजवळच गायी आणि घोडे ठेवतात, पारंपरिक शेती करतात. हटेराइटांची शेती यांत्रिक असून जनावरे वस्तीपासून दूर असतात. अमिश मुलांत दम्याचे प्रमाण ५.२ टक्के आणि हटेराइट मुलांत २१.३ टक्के होते. अमिश घरांतील धुळीत जिवाणूंपासून येणाऱ्या एका पदार्थाचे प्रमाण ६.८ पट होते. लहान वयात अशा विविध सूक्ष्मजीवांशी ओळख झाली की रोगप्रतिकारशक्तीला योग्य वळण लागते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हे निष्कर्ष वाचताना पुढील काळजी घ्यावी.

- कच्चे दूध मुलांना देऊ नये. त्यातून क्षयरोग, ब्रुसेल्ला आणि इतर गंभीर संसर्ग होऊ शकतात. केंद्राचे शास्त्रज्ञही कच्च्या दुधाचा सल्ला देत नाहीत. सौम्य प्रक्रिया केलेल्या, पण जंतूंपासून सुरक्षित दुधाचा लहान मुलांना उपयोग होतो का, याची चाचणी त्यांनी स्वतंत्रपणे हाती घेतली.
- बुरशी लागलेला चारा आणि भुसा यांची धूळ वेगळी. ती मोठ्या माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा करू शकते.
- औषध फवारणीच्या वेळी आणि पाचट किंवा काड जाळताना मुलांना दूर ठेवावे. त्या धुराचा किंवा फवाऱ्याचा कोणताही फायदा नाही.
- दमा आधीच असलेल्या मुलाला धुळीत नेणे हा उपचार नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तुमच्या शेतासाठी लक्षात ठेवण्याचे मुद्दे

जर्मनीतील हवामान, माती आणि पिके आपल्यापेक्षा वेगळी आहेत. तेथे मोहरी थंडीने मरते, आपल्याकडे ती कापावी लागते. तेथील आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण त्यामागची कारणे सगळीकडे सारखीच आहेत.

- पाणी जेथून दरवर्षी वाहते आणि ओघळ पडते, तो पट्टा पेरू नका. तेथे कायमचे गवत राखा. पट्टा रुंद आणि सपाट ठेवा. गवत चाऱ्यालाही येते.
- दोन पिकांच्या मध्ये जमीन उघडी ठेवू नका. पिकांचे अवशेष जाळण्याऐवजी आच्छादन म्हणून ठेवा.
- वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर शेतात नेऊ नका. दाबलेल्या जमिनीतून नत्र हवेत जाते.
- फवारणी आणि काढणी यांतील लेबलवर दिलेले दिवस पाळा. घरच्या खाण्याचा भाजीपाला असला तरी हा नियम तोच आहे.
- उरलेले औषध आणि रिकामे डबे पुरू नका, विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नका.
- पानावर डाग दिसले की आधी निदान, मग फवारणी.
- माती तपासून पालाशची कमतरता असेल तर ती भरून काढा. मुळे काय उचलतात, हे जमिनीत काय शिल्लक आहे त्यावरही ठरते.

मातीत, पानावर आणि गोठ्यात जे घडते त्याचा परिणाम शेवटी कुटुंबाच्या आरोग्यावर होतो. गवताचा पट्टा राखायला, काढणी काही दिवस थांबवायला फारसा खर्च येत नाही. वाहून गेलेली माती परत आणणे, विहिरीत उतरलेले औषध काढणे किंवा आजार बरा करणे मात्र कितीतरी महाग पडते. म्हणून यांतील काळजी शेतातच, सुरुवातीलाच घ्यावी.